दत्तक आणि पोसलेले पोर

अनाथ मुलाला दत्तक घेता येत नाही, हा हिंदू कायद्याचा शेकडो वर्षांचा नियम होता. ऐकताना विचित्र वाटते. पण शास्त्राच्या दृष्टीने तो अगदी सरळ होता. दत्तक म्हणजे दिलेला. दिलेला म्हटले की देणारा हवा. देण्याचा अधिकार जन्मदात्या बापाचा, तो नसेल तर आईचा. आजाला तो नाही, थोरल्या भावाला नाही, गावाला तर नाहीच. मायबाप दोघेही गेले की देणारे हातच उरत नाहीत. म्हणून ते मूल दत्तक जाऊ शकत नाही. ज्याला घराची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच तोंडावर दार बंद. इंग्रजांच्या न्यायालयांनीही हा नियम उचलला आणि स्वतंत्र भारतात १९६२ सालापर्यंत त्याची सावली पुसली गेली नव्हती.

याचे कारण दत्तकाची संस्था मुलासाठी नव्हतीच. ती निपुत्रिकासाठी होती. 'पुत्' नावाच्या नरकातून बापाला सोडवतो तो पुत्र, ही व्युत्पत्ती आपल्या माथी किती पिढ्या मारली गेली! पिंड, तर्पण, गोत्र, आणि या पवित्र शब्दांच्या मागोमाग चालत येणारी शेतवाडी, वाडा, वतन. मुलीच्या हातून पिंड चालत नाही, म्हणून मुलगी दत्तक घेता येत नसे. घ्यायचा तो मुलगा 'सवर्ण' असावा, म्हणजे घेणाऱ्याच्याच वर्णाचा. (आज आपण हा शब्द ज्या अर्थाने वापरतो, त्याचे मूळ इथेही सापडते.) द्विजाने मुलीचा किंवा बहिणीचा मुलगा घेऊ नये, शूद्राने घेतला तर चालेल, असाही भेद होता. शूद्राला दिलेली ही सवलत वाचून कुणी हुरळून जाऊ नये. नियम सैल ठेवला याचा अर्थ एवढाच, की त्याचे कुळ जपण्याइतके मोलाचे मानलेच नव्हते.

मुळात शूद्राला दत्तक घेता येते की नाही, यावरच पंडितांत वाद होता. दत्तकाला होम हवा, होमाला वेदमंत्र हवेत, मंत्रांचा अधिकार स्त्रीला नाही आणि शूद्रालाही नाही. म्हणून दोघांनाही दत्तक घेता येत नाही, असे काही निबंधकारांचे म्हणणे. सतराव्या शतकातल्या नीलकंठभट्टांनी 'व्यवहारमयूखा'त हे मत खोडून काढले. त्यांचा तोडगा असा की शूद्राने ब्राह्मणाकरवी होम करवून घ्यावा. मूल शूद्राचे, मंत्र ब्राह्मणाचे आणि दक्षिणा कुणाची ते सांगायला नको. पुढे इंग्रजी अमदानीत गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण या मुलखात न्यायालयांनी याच मयूखाला प्रमाण मानले. आजच्या रायगड जिल्ह्यातला कर्जत तालुका १८८२ च्या गॅझेटिअरात ठाणे जिल्ह्यात दाखवलेला आहे, खालापूरही त्याच्याच पोटात. म्हणजे घाटाच्या पायथ्याचा हा मुलूख मयूखाच्या राज्यात होता. त्या राज्यात कातकरी, ठाकूर आणि महारवाडा यांचे स्थान काय? पंडितांच्या वादात अतिशूद्र हा साधा पक्षकारसुद्धा नाही.

दत्तकाचा राजकीय इतिहास आपल्याला शाळेत शिकवतात तो डलहौसीपासून. सातारा १८४८, मग झाशी, नागपूर. परंतु हा प्रयोग कुलाब्यात आधीच झाला होता. १८३८ साली राघोजी आंग्रे वारले. त्यांच्यामागे जन्मलेला मुलगा तान्हेपणीच गेला. राणीने दत्तकाची परवानगी मागितली, कंपनीने ती नाकारली आणि १८४० साली संस्थान गिळले. या अन्यायावर इतिहासकारांनी पुष्कळ शाई वापरली आहे. ती वापरू नये असे नाही. पण गादीला वारस मिळाला नाही याचे दुःख जितके लिहिले गेले, त्याच्या शतांशानेही वारसाला घर मिळाले नाही याचे लिहिले गेलेले नाही.

याच मुलखात, खोपोली-कर्जतच्या डोक्यावर, १८५६ पासून बोरघाटाचे रेल्वेकाम चालले होते. १८६१ च्या सुमारास तिथे बेचाळीस हजार मजूर राबत होते. दगडाखाली, सुरुंगात आणि १८५९-६० च्या पटकीत त्यांतले हजारोंनी मेले. बोगदे पंचवीस, मोठे पूल आठ, हे आकडे रेल्वेच्या कोणत्याही इतिहासात मिळतात. मागे राहिलेल्या पोरांचा उल्लेख शोधून काढावा लागतो. घाट खुला झाला तो १८६३ साली.

आणि त्याच १८६३ साली, घाटाच्या वरच्या अंगाला पुण्यात, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवांनी इथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी जाहीर पत्रके लावली. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांची पोरे विहिरीत आणि उकिरड्यावर मरत होती. त्यांना वाचवायला पुढे आला तो माळी. १८७३-७४ च्या सुमारास काशीबाई नावाच्या अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा या दांपत्याने आपला म्हणून वाढवला. तो यशवंत.

या घटनेचे आपण गोडवे गातो, पण तिच्यातला कायद्याचा पेच आपल्या नजरेतून निसटतो. त्या काळच्या शास्त्रात आणि कोर्टात हे दत्तक टिकणारे नव्हते. घेणारा माळी, मूल ब्राह्मणीच्या पोटचे, वर्ण जुळत नाही. जोतीरावांनी १० जुलै १८८७ रोजी मृत्युपत्र नोंदवून यशवंताला वारस ठरवले, ते या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. शास्त्र ज्याला पुत्र म्हणायला तयार नाही, त्याला निदान कागदाने हक्क मिळावा, ही त्यातली व्यवहारी शहाणीव. भाऊबंदांनी काय केले ते आपल्याला माहीत आहे. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले, तेव्हा टिटवे धरण्याच्या दत्तक मुलाच्या अधिकारावरून तंटा उभा राहिला. आणि सावित्रीबाईंनी ते स्वतःच्या हाती घेतले. पिंडाची सगळी भानगड एका बाईने प्रेतयात्रेत निकालात काढली. ज्या दत्तकशास्त्राचा पाया 'अग्नी कोण देणार' या प्रश्नावर उभा होता, त्याला याहून नेमके उत्तर मला तरी ठाऊक नाही. यशवंत पुढे डॉक्टर झाले. १८९७ च्या प्लेगात त्यांच्याच दवाखान्याकडे सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातला आजारी मुलगा पाठीवर घालून आणला आणि त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या.

पंढरपूरच्या १८७५ सालच्या बालकाश्रमाचा उल्लेख इथे केला पाहिजे. लालशंकर उमियाशंकर या न्यायाधीशाच्या पुढाकाराने आणि प्रार्थना समाजाच्या आधाराने तो उभा राहिला. काम मोलाचे होते. वारीच्या गावी सोडून दिलेली पोरे त्यामुळे जगली. पण जातीच्या चौकटीलाच हात घातला तो फुल्यांनी. तसा तो आश्रमांच्या चालकांनी घातला नाही.

एक गंमत सांगून पुढे जातो. बाबासाहेबांच्या पाठीशी ज्या दोन राजांनी बळ उभे केले, ते दोघेही दत्तक. बडोद्याचे सयाजीराव नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकऱ्याचे गोपाळ. १८७५ साली जमनाबाईंनी त्यांना मांडीवर घेतले. कोल्हापूरचे शाहू कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. ते १८८४ साली गादीवर दत्तक आले. दत्तकाने गेलेल्या या दोन मुलांना राज्य मिळाले, आणि त्या राज्यातून एका महाराच्या मुलाला शिष्यवृत्ती आणि 'मूकनायका'ला मदत मिळाली. शास्त्रकारांनी दत्तक शोधला तो निश्चितच यासाठी नव्हे.

आता खाली, वाड्यापाड्यांत येऊ.

कर्जत-खालापूरच्या कातकरवाड्यांत आणि ठाकुरवाड्यांत दत्तकविधान नावाची वस्तू नव्हती, कारण त्याची गरज नव्हती. पोर होते, सांभाळणारे होते. आई मेली, बाप दुसरा घरोबा करून गेला, तर आजी, मावशी, मामा यांच्यापैकी कुणाच्या तरी चुलीपाशी ते वाढे. दिवाळीनंतर जोडपी वीटभट्ट्यांवर निघाली की म्हातारीपाशी राहिलेले पोर काही वेळा कायमचेच म्हातारीचे होई. महारवाड्यात, मांगवाड्यातही हीच रीत. पोसलेले पोर आणि पोटचे पोर एकाच ताटलीत जेवे. या माणुसकीबद्दल आपण अभिमान बाळगावा. पण तिच्याबद्दल भाबडे राहू नये. कारण कायद्याने या नात्याला काडीची किंमत दिली नाही. हिंदू कायद्यात अशा मुलाला 'पालकपुत्र' म्हणत, आणि निव्वळ पालकपुत्राला वारसा नाही, हे कोर्टांनी ठरवून टाकले होते. जिथे वारसा म्हणण्यासारखे काही नव्हतेच, तिथे याची झळ लागली नाही. जमिनीला भाव आला तेव्हा ती लागली. मुंबईकरांचे फार्महाऊस, द्रुतगती मार्ग, कारखाने या सगळ्यांनी या दोन तालुक्यांतल्या डोंगरउतारालाही किंमत आणली. दळी, वनहक्काचा दावा, संपादनाचा मोबदला असे काही वाटण्याची वेळ आली की चुलते म्हणतात, हा पोसलेला, याचा हिस्सा नाही. आणि त्या पोसलेल्याच्या हातात कागद नसतो.

दलित चळवळीने पोरक्या आणि गरीब मुलांसाठी जे उत्तर दिले, ते दत्तकाचे नव्हते, वसतिगृहाचे होते. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले. त्याआधी महर्षी शिंद्यांच्या मिशनने, पुढे कर्मवीरांच्या रयतने हीच वाट चोखाळली. ते उत्तर बरोबर होते. आपल्या मुलाला दुसरा बाप नको होता, शाळेपर्यंत पोचवणारी भाकरी हवी होती. परंतु त्यामुळे दत्तकाचा कायदा हा वरच्यांचा प्रश्न आहे असे आपल्याला वाटत राहिले.

बाबासाहेबांना तसे वाटले नाही. ९ एप्रिल १९४८ रोजी हिंदू कोड बिल मांडताना त्यांनी जे सात विषय सांगितले त्यांत दत्तक आहे. मालमत्ता, वारसा, पोटगी, विवाह, घटस्फोट यांच्या रांगेत त्यांनी तो बसवला. विवाह आणि दत्तक ही जातीच्या कोंडवाड्याची दोन दारे आहेत. बाहेरचे रक्त आत येऊ नये म्हणून दोन्हींवर एकच कुलूप. बिल रखडवले गेले, सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी राजीनामा दिला. पुढे त्याचे तुकडे करून कायदे झाले. त्यांतला दत्तक व निर्वाह कायदा २१ डिसेंबर १९५६ चा. चौदा ऑक्टोबरला नागपूर, सहा डिसेंबरला महापरिनिर्वाण, आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी हा कायदा.

त्या कायद्याने काय केले? जातीची अट गेली. मुलगी दत्तक घेता येऊ लागली. अविवाहित, विधवा, घटस्फोटित स्त्रीला स्वतःच्या नावाने मूल घेता येऊ लागले; विवाहितेला तो हक्क मात्र २०१० च्या दुरुस्तीपर्यंत मिळाला नाही. दत्तहोमाची सक्ती संपली; नीलकंठभट्टांचा ब्राह्मण मंडपातून उठला. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. आपल्यातले कित्येक जण अजून समजतात की बौद्धाला दत्तक घ्यायचे तर हिंदू विधी लागतो. लागत नाही. मूल प्रत्यक्ष देणे-घेणे आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले दत्तकपत्र एवढ्याने काम होते. मूल पंधरा वर्षांच्या आतले आणि अविवाहित असावे, दत्तक मुलगा घेताना घरात मुलगा, नातू वा पणतू हयात नसावा, अशा काही अटी आहेत. टाकून दिलेले आणि ज्याचे मायबाप माहीत नाहीत असे मूल मात्र १९५६ मध्येही बाहेरच राहिले. पालकाने न्यायालयाच्या परवानगीने ते देण्याची वाट १९६२ च्या दुरुस्तीने मोकळी केली.

पण याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात एक पोटकलम आहे, आणि कर्जत-खालापूरसाठी तेच महत्त्वाचे. केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. ठाकूर आणि कातकरी दोघेही अनुसूचित जमाती. म्हणजे कर्जतच्या बौद्धवाडीतले जोडपे नोंदणी कार्यालयात जाऊन जे करू शकते, ते शेजारच्या ठाकुरवाडीतले जोडपे त्याच कायद्याने करू शकत नाही. त्याला आपली रूढी सिद्ध करावी लागते. ज्या समाजाने दत्तकाचा विधीच केला नाही, त्याने रूढी सिद्ध कशाने करायची? सर्वांना लागू होणारा दत्तक कायदा करण्याचे प्रयत्न १९७२ आणि १९८० साली संसदेत झाले, धर्माच्या वादात बुडाले. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी आणि आदिवासी यांना केवळ १८९० च्या पालकत्व कायद्याचा आधार उरला. मूल अठरा वर्षांचे झाले की ते पालकत्वही संपते.

मधल्या काळात दुसरेच एक संकट वाढले होते. परदेशी जोडप्यांना भारतातली मुले दिली जात, आणि त्यात दलालीचा वास येऊ लागला. वकील लक्ष्मीकांत पांडे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली नियम घालून दिले. आईवर दडपण नको, आमिष नको, तिला फेरविचाराला वेळ हवा, आधी देशातले घर शोधा आणि मगच परदेशातले. पुढे १९९० मध्ये केंद्रीय दत्तक यंत्रणा उभी राहिली. मुंबईत दत्तकाच्या प्रसारासाठी १९७० पासून, पुण्यात ससून रुग्णालयाच्या आधाराने त्याआधीपासून काम करणाऱ्या संस्था होत्या. त्यांच्या समाजकार्यकर्त्या बायकांनी ही पद्धत घडवली, याची कबुली आपण दिली पाहिजे. तरीही एक प्रश्न विचारावाच लागतो. मूल 'सोडून देणारी' कोण असते? बहुतेक वेळा दारिद्र्याने, फसवणुकीने वा लोकलाजेने पिचलेली. आणि घेणारे? त्यांचे उत्पन्न, घर, आरोग्य तपासूनच त्यांना मूल मिळते. ही तपासणी मुलाच्या हिताची आहे, याबद्दल वाद नाही. पण आईला महिन्याला थोडा आधार मिळाला असता तर ते मूल तिच्यापाशीच राहिले असते का, याचीही तेवढीच कसून तपासणी व्हायला हवी.

आज चालतो तो २०१५ चा बाल न्याय कायदा, आणि तो धर्म, जात, जमात पाहत नाही. मूल सापडले किंवा आईने स्वाधीन केले तर ते जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे जाते. स्वाधीन करणाऱ्या आईबापाला साठ दिवस मन बदलता येते. सापडलेल्या मुलाच्या मायबापांचा शोध, दोन वर्षांच्या आतले असेल तर दोन महिने, मोठे असेल तर चार महिने घ्यावा लागतो. त्यानंतरच समिती ते दत्तकासाठी मोकळे ठरवते. घेणाऱ्यांची नोंदणी केंद्रीय यादीत, गृहभेटीचा अहवाल, मग यादीच्या क्रमाने मूल दाखवणे. मूल घरी गेल्यावर दोन वर्षे पाहणी. आदेश पूर्वी न्यायालय देई. १ सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतो, म्हणजे आपल्याकडे अलिबागला. दवाखान्यातून परस्पर मूल उचलणे हा गुन्हा आहे, मुलाची विक्री तर पाच वर्षांच्या शिक्षेचा. हे वाडीवर आणि वीटभट्टीवर कुणीतरी मोठ्याने सांगायला हवे.

याच कायद्यात नातलगांच्या दत्तकाची तरतूद आहे, आणि ती ठाकूर-कातकऱ्यांना खुली आहे. काका, आत्या, मामा, मावशी, आजी-आजोबा यांना नात्यातले मूल घेता येते. मूल पाच वर्षांवरचे असेल तर त्याची संमती विचारतात. मायबाप नसतील तर समितीची परवानगी लागते. पोसलेल्या पोराला इतक्या शतकांनंतर पहिल्यांदा हा कागदाचा रस्ता मिळाला आहे.

आणि मग १९ जुलै २०२३ ची रात्र आली. खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत. २३ जुलैला शोध थांबवला गेला. वाडी ठाकरांची. जी मुले वाचली त्यांतली कित्येक आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. त्यानंतर तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी पोरक्या मुलांचे पालकत्व स्वीकारल्याचे आणि एका फाउंडेशनमार्फत त्यांचे शिक्षण करण्याचे जाहीर झाले. वर्तमानपत्रांनी मथळे दिले, 'दत्तक घेतले'. शिक्षणाच्या खर्चाला कुणी नावे ठेवणार नाही. पण याला दत्तक म्हणता येत नाही. दत्तकाने नाव बदलते, वारसा मिळतो, मूल एका घराचे होते आणि ते नाते मोडता येत नाही. पालकत्वाचेही न्यायालयातून पत्र निघते. घोषणेने यांतले काहीच होत नाही. गाव दत्तक, शाळा दत्तक, झाड दत्तक असे म्हणता म्हणता या शब्दातला हक्क गळून गेला आहे आणि उपकार तेवढा उरला आहे. मुलाला ज्याची गरज असते तो हक्क.

त्या वाडीच्या मुलांच्या दृष्टीने प्रश्न अगदी साधे आहेत. ज्यांचे मायबाप सत्तावन्नांत आहेत, त्यांच्याजवळ प्रेत नाही. बेपत्ता माणूस मेला असे धरायला कायदा एरवी सात वर्षे थांबतो, सरकारने वेगळा निर्णय केला तरच लवकर. मृत्यूचा दाखला नसेल तर मदत, वारसनोंद, पालकत्व सगळेच अडते. आजी वा चुलता मुलाला सांभाळतो, पण जातीच्या दाखल्याला बापाकडचे पुरावे मागतात. इथे दोन गोष्टी कार्यकर्त्यांनी हाताशी ठेवाव्यात. अनुसूचित जातीच्या एका एकट्या आईने दत्तक घेतलेल्या मुलाला, जन्मदात्याची जात माहीत नाही म्हणून दाखला नाकारला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो द्यायला लावला, दत्तक मूल घेणाऱ्या आईची जात घेते असे म्हणून. दुसरी, ज्यांचा ठावठिकाणाच लागत नाही अशा अनाथांसाठी महाराष्ट्र शासनाने २०१८ पासून एक टक्का समांतर आरक्षण ठेवले आहे. पण इर्शाळवाडीच्या ठाकराच्या मुलाची जमात माहीत आहे, त्याला त्याचा स्वतःचा दाखला मिळाला पाहिजे, अनाथ म्हणून दुसरा शिक्का नव्हे.

नात्यातच राहणाऱ्या मुलासाठी बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपयांची, आणि तिला सावित्रीबाईंचे नाव दिलेले आहे. अर्जाला मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचा दाखला आणि मुलाच्या नावाचे बँक खाते लागते. कर्जतच्या वाडीवरून अलिबागला जायचे तर एका माणसाची दिवसाची मजुरी बुडते, आणि बहुतेक वेळा ती दोनतीनदा बुडते. तालुक्याच्या गावी महिन्यातून एक दिवस समितीने बसावे, आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकाकडे हे अर्ज असावेत, ही मागणी मोर्चाला शोभेल इतकी मोठी नाही. ती पावसाळ्याआधी, माणसे भट्ट्यांवरून परत आली की, पहिल्याच ग्रामसभेत ठरावाने करता येते.